आधी इंजिन की आधी ब्रेक?

मोटारगाड्यांच्या कुळात स्टेशन वॅगनइतकी निगर्वी जात दुसरी नसेल. जिचे छप्पर मागच्या चाकांच्याही पलीकडे सरळ नेऊन पाठीशी एक दरवाजा बसवून दिला आहे, त्या गाडीने डौलावरचा हक्क जन्मतःच सोडलेला असतो. आणि त्याच्या मोबदल्यात माणसे, बोचकी, पेट्या, आजारी शेजारी, लग्नातली भाड्याची भांडी व बाजारातली पोती यांपैकी कशालाही ‘जागा नाही’ असे न म्हणण्याचे सामर्थ्य तिला प्राप्त झालेले असते. जुनी सेडान नुसती पुसून-पासून प्रदर्शनात उभी केली तरी शोभते. वॅगन तशी उभी केली की रिकामी दिसते. ज्या वस्तूचे सारे रूपच तिच्या कामातून निघाले आहे, त्या वस्तूचे जतन करावयाचे म्हणजे तिचे रूप जपावयाचे की काम, हा प्रश्न सेडानच्या मालकाला टाळता येतो. वॅगनच्या मालकाला टाळता येत नाही.

आमच्या घरातील वॅगन ही अ‍ॅम्बॅसडरच्या मार्क टू पिढीतील इस्टेट. कोल्हापुरास शाहूपुरीत माझ्या चुलत्यांची गुळाची अडत होती, आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जाताना गुळाचे रवे, व परत येताना हापूसच्या पेट्या, नारळ आणि कोकणातले दोन-चार पाहुणे, असा तिचा शिरस्ता वर्षानुवर्षे अव्याहत चालला. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने १९५७ च्या सुमारास ही गाडी काढण्यास आरंभ केला, आणि मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबेपर्यंत तिचा चेहरामोहरा ओळखीच्या बाहेर कधी जाऊ दिला नाही. या हट्टाची थट्टा पुष्कळांनी केली. परंतु जुन्या गाडीत नवे इंजिन घालू पाहणाऱ्या गृहस्थाला तो हट्ट फार उपकारक ठरतो, कारण पहिल्या पिढीपासून अखेरच्या पिढीपर्यंत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर तेच, २४६४ मिलिमीटर, राहिले आणि त्यामुळे वंशजाचा अवयव पूर्वजाला लावण्याची शक्यता आपसूक खुली राहिली.

गाडीचे मूळ इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतील, १४८९ घनसेंटिमीटरचे. याच मालिकेतले, याच मापाचे इंजिन १९५५ साली एमजीए या चपळ स्पोर्ट्स गाडीत बसवले गेले होते, ही माहिती आमची वॅगन दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढत असताना कोणाला सांगितली तर तो मनातल्या मनात आपल्याला थापाड्या समजे. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८९. म्हणजे व्यासाहून धाव मोठी. अशा इंजिनाचा स्वभाव संथ आणि चिवट असतो. कमी फेऱ्यांवर ते निमूटपणे ओझे ओढते, परंतु त्याला घाई केलेली खपत नाही. साखरपा मागे पडून चढण लागली की उष्णतेचा काटा पाहण्याची गरजच पडत नसे. रेडिएटरचा वास आधीच वर्दी देई. मग एखाद्या वळणाच्या सावलीत गाडी उभी करून, बॉनेट उघडून, झाकणावर ओले फडके टाकून सर्व मंडळी दरीकडे तोंड करून उभी राहत, आणि या सक्तीच्या मुक्कामाला चुलते ‘निसर्गशोभा पाहणे’ असे म्हणत.

ते इंजिन मेले होते असे म्हणणे असत्य होईल. सिलिंडर पुनःपुन्हा बोअर करून मोठे पिस्टन टाकण्याची मुभा आता संपत आली होती हे खरे, परंतु त्यापुढे स्लीव्ह बसवण्याचा मार्ग असतो, आणि तेलइंजिनांच्या सुट्या भागांवर ज्याची उभारणी झाली त्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे काम करणारे हात अजून आहेत. इंजिनाला मारक ठरले ते त्याच्या पोटात जाणारे अन्न. १ फेब्रुवारी २००० पासून देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. मानवी फुप्फुसांच्या दृष्टीने ही अत्यंत इष्ट गोष्ट झाली. परंतु जुन्या इंजिनांतील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मऊ लोखंडी बैठकीवर शिशाच्या क्षारांचा जो पातळ थर बसे, तो संपला, बैठक झिजून व्हॉल्व्ह आत रुतू लागला आणि टॅपेटची फट कितीही बेताने ठेवली तरी काही काळाने मिटू लागली. त्यावर आता पेट्रोलमध्ये शेकडा २० इथेनॉल. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने फुगतात, मऊ पडतात, चिरतात. जो ऊस एके काळी गुळाचा रवा होऊन वॅगनच्या पाठीशी बसे, तोच आता पंपावरून तिच्या टाकीत शिरून तिच्या नळ्या खाऊ लागला, ही घटना ऊसकऱ्यांच्या जिल्ह्यातल्या गाडीच्या नशिबी यावी यात दैवाचा काहीएक खोडकरपणा आहे.

या अवस्थेत मालकापुढे दोन मार्ग होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली जी नवी तरतूद झाली, तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे येतात, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडते आणि ती नोंदणी दहा वर्षे चालते. अट अशी की चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. दुसरी अट अशी की ही गाडी नित्याच्या अथवा धंद्याच्या वापराकरिता रस्त्यावर आणू नये. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती, इतक्याच कारणांसाठी तिला बाहेर पडण्याची परवानगी. कायद्याचा हेतू निःसंशय स्तुत्य आहे, आणि ज्यांनी आपल्या गाड्या मूळच्या स्क्रूसकट राखल्या त्यांच्या तपश्चर्येची कदर व्हावयासच हवी. परंतु या तरतुदीच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे: वस्तू मानास पात्र व्हावयाची तर तिने काम सोडले पाहिजे. सेडानच्या बाबतीत हे गृहीत मी मान्य करीन. आंब्याच्या पेट्या वाहण्यासाठी जिचे छप्पर लांबवले, तिला पेट्या वाहण्याची मनाई करून तिचा सत्कार करणे मला काही जमेना.

दुसरा मार्ग इंजिन बदलण्याचा. आणि तेथेही कायदा वाट अडवून उभा असतोच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ अधिकच काटेकोर करून ठेवला. त्यामुळे कोणा परक्या गाडीचे तिप्पट ताकदीचे इंजिन आणून घालण्याचे जे बेत गॅरेजच्या बाकावर चहासोबत रंगतात, ते चहासोबतच संपवावे लागले. सुदैवाने खुद्द कारखान्यानेच एक दार उघडून ठेवले होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी हिंदुस्थान मोटर्सने याच अ‍ॅम्बॅसडरमध्ये जपानच्या इसुझू कंपनीच्या आराखड्याचे १८१७ घनसेंटिमीटरचे इंजिन पाच गिअरच्या पेटीसह बसवण्यास सुरुवात केली. त्याचा व्यास ८४ आणि धाव ८२ मिलिमीटर, कॅमशाफ्ट माथ्यावर, शक्ती जुन्याच्या जवळजवळ दीडपट. आजच्या मानाने तेही काही नवे नव्हे, परंतु बी-मालिकेच्या शेजारी ते ठेवले म्हणजे दोघांच्या मध्ये एक संपूर्ण युग उभे असल्याचे ध्यानात येते. पुढे त्याच इंजिनाला कार्बोरेटरऐवजी एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी इंधन वेगळे फवारणारी यंत्रणा, आली. एका सरकारी खात्याच्या लिलावात निघालेल्या पांढऱ्या अ‍ॅम्बॅसडरमधले असे एक इंजिन, गिअरपेटी, प्रोपेलर शाफ्ट आणि कागदपत्रांसह, आमच्या मेस्त्रींनी हेरून ठेवले. वर्षानुवर्षे साहेबी दौरे करून निवृत्त झालेला अधिकारी गावी येऊन बांधावर उभा राहतो, तसे ते आमच्या अंगणात आले.

आले, परंतु लगेच नव्हे. अंगणात पहिल्या दिवशी आले ते ब्रेक. मी इंजिनाविषयी बोलू लागलो की मेस्त्री चाकांविषयी बोलत. “सर, इंजिन कुठं पळून जात न्हाई. आधी पुढचं डिस्क, बूस्टर आणि मागची सिलिंडरं बघू. ब्रेक झाल्याबिगर मी चेनब्लॉक टांगणार न्हाई.” मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम होते, आणि गाडीत बसलेल्यांनीही पाय दाबून साथ द्यावी असा त्यांचा एकंदर कारभार होता.

मेस्त्रींचे हे वाक्य ऐकले तेव्हा महाराष्ट्रातील एक जुना, आता ग्रंथांत जाऊन बसलेला वाद माझ्या अंगणात उभा राहिल्यासारखे वाटले. आधी राजकीय की आधी सामाजिक? आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला, तो याच प्रश्नावरून. आणि १८९५ साली पुण्यास काँग्रेस भरली तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावी की नाही, यावरून जे रणकंदन झाले त्याच्याही मुळाशी हाच प्रश्न होता. एका पक्षाचे म्हणणे, सत्ता हाती आली की समाज आपोआप सुधारता येईल. दुसऱ्याचे म्हणणे, समाज जसा आहे तसा ठेवून त्याच्या हाती सत्ता दिली तर तो ती कोठे नेऊन आदळील याचा नेम नाही. विद्यार्थीदशेत या वादाची उत्तरे आम्ही परीक्षेच्या पेपरात ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ अशी लिहीत असू, आणि त्यावर आम्हांला गुणही मिळत.

मेस्त्रींनी या तत्त्वचर्चेत न शिरता एक साधा हिशोब मांडला, आणि मला वाटते की त्या हिशोबात वादाचे जे अंग वक्त्यांच्या नजरेतून निसटले ते नेमके सापडते. नवे ब्रेक आणि जुने इंजिन असलेली गाडी उद्या सकाळी मंडईत नेता येते. नवे इंजिन आणि जुने ब्रेक असलेली गाडी नेता येत नाही. म्हणजे पहिल्या क्रमाने निघाले, आणि मध्येच पैसा आटला, पाऊस लागला, घरात कोणी आजारी पडले, उत्साह मावळला, तरी जेथे थांबू तेथे एक चालती गाडी आपल्यापाशी शिल्लक राहते. दुसऱ्या क्रमात काम पूर्ण होईपर्यंत आपल्यापाशी काहीच नसते. घरगुती हौसेने आरंभलेल्या इंजिनबदलांचे जे सांगाडे गावोगावच्या परसांत ताडपत्रीखाली पडलेले दिसतात, त्यांतील बहुतेकांची कहाणी एकच आहे: मालकाने पहिल्या दिवशी इंजिन बाहेर काढले. जी सुधारणा पूर्ण झाल्यावाचून उपयोगीच पडत नाही, ती सुधारणा नसून जुगार आहे. पायऱ्या अशा बांधाव्यात की प्रत्येक पायरीवर माणसाला बसता यावे.

त्याप्रमाणे पायऱ्या बांधल्या गेल्या. ब्रेकनंतर मागचे पाटे आणि पुढच्या टॉर्शन बारचे बुश, नंतर मोठा रेडिएटर, नंतर वीज. जुन्या गाडीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या तारा, एक डायनामो आणि त्याचा कटआउट. एमपीएफआय इंजिनाला अल्टरनेटर, सेन्सर, रिले आणि एक बंद पेटी, की जिच्यात इंजिनाची सारी अक्कल साठवलेली. कार्बोरेटरला पेट्रोल अलगद पोहोचले की पुरे. येथे ते सुमारे ३ बार दाबाने, म्हणजे दहापटीहून अधिक जोराने, लोटावे लागते, आणि उरलेले टाकीत परत आणावे लागते. म्हणून पंप नवा, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, आणि टाकीपर्यंत परतीची एक जास्तीची वाट. या प्रत्येक टप्प्यानंतर गाडी जुन्याच इंजिनावर बाजारात जाऊन येई.

चेनब्लॉक टांगण्याचा दिवस अखेर उगवला. लोखंडी नळांचे तिकाटणे अंगणात उभे राहिले, बॉनेट बिजागऱ्यांतून सोडवून भिंतीला टेकवले गेले, पाणी व तेल उतरवले गेले, आणि फौंडेशनचे नट सुटल्यावर जुने इंजिन आपल्या गिअरपेटीसह नाक वर करून तिरके बाहेर येऊ लागले. साखळीचा एकेक दुवा करकरत होता. पुढच्या पट्टीत आणि ऑइल चेंबरमध्ये बोटभर अंतर. आणि मेस्त्रींचा उजवा हात सिलिंडर हेडवर, एखाद्या जनावराला गोठ्यातून काढावे तसा, नुसता ठेवलेला. नव्या इंजिनाला मात्र एकदाच जाऊन बसण्याचे भाग्य नसते. ते मापासाठी आत जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. फौंडेशनचा ब्रॅकेट कोठे टेकतो, सायलेन्सरची नळी स्टीअरिंगच्या दांड्यापासून किती दूर राहते, पंखा रेडिएटरला घासत तर नाही, हे सारे खडूच्या खुणांनी ठरत जाते. प्रोपेलर शाफ्ट तंतोतंत बसला, आणि कारखान्याच्या त्या थट्टास्पद हट्टाचे मी मनोमन आभार मानले. जुना गिअर स्टीअरिंगखाली होता. नवा जमिनीतून वर येणार, सबब बोगद्याच्या पत्र्यात एक भोक पाडणे भाग होते. पुठ्ठ्याचा नमुना कापून मेस्त्रींनी तो पुनःपुन्हा ठेवून पाहिला. संपूर्ण गाडीत जो पत्रा कापला गेला तो एवढाच, तळहाताएवढा. आणि निघालेली चकती त्यांनी रंग लावून माझ्या स्वाधीन केली.

राहिले दफ्तर. फेरफाराच्या परवानगीचा अर्ज अगोदरच दाखल केलेला होता. त्यासोबत इंजिनाच्या खरेदीची पावती, ज्या गाडीतून ते निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, चोरीचा माल नसल्याचा दाखला आणि हे इंजिन कारखान्यानेच याच गाडीत बसवले होते याची कैफियत. यथावकाश तपासणी झाली, आणि नोंदणीपुस्तकात जुन्या इंजिन क्रमांकाच्या जागी नवा क्रमांक चढला. चासी क्रमांक कायम राहिला. मला येथे वेताळाची गोष्ट आठवली. देवीच्या देवळात नवऱ्याने आणि भावाने आपापली शिरे वाहिली, देवी प्रसन्न झाली, आणि घाईत त्या स्त्रीने एकाचे शिर दुसऱ्याच्या धडाला लावले. आता तिचा नवरा कोणता? विक्रमाने कौल दिला, ज्याला नवऱ्याचे शिर आहे तो. परिवहन खात्याने कौल दिला आहे तो धडाच्या बाजूने: चासी जिची, गाडी ती, इंजिन कोणतेही असो. राजाचा निर्णय अधिक काव्यमय असेल, परंतु खात्याचा निर्णय वॅगनला अधिक न्याय देणारा आहे. तिचे सारे व्यक्तित्व मुळी त्या लांब छपरात आणि मागच्या दरवाजात आहे. ओढणारा बदलला म्हणून वाहणारी बदलत नाही.

तथापि सारेच जसेच्या तसे राहिले असे सांगणे म्हणजे वकिली होईल. जुन्या इंजिनाशी बोलावे लागे. थंडीत चोक किती ओढावा, चढावर गिअर कोणत्या झाडापाशी पाडावा, अखेरच्या उपायाचा हॅंडल किती अंशांत फिरवावा, ही विद्या माणसापाशी असे आणि ती चुलत्यांकडून माझ्याकडे आली होती. नव्या इंजिनाने ती विद्या निरुपयोगी केली. ती बंद पेटी थंडी-वारा, चढ-उतार स्वतःच ओळखते आणि चालकाला विचारीत नाही. आंबा घाट आता वॅगन पेट्यांसकट न थांबता चढते; अर्थात निसर्गशोभा पाहणेही संपले. हे नुकसान मला लहान वाटत नाही. मात्र ज्यांना ते इतके मोठे वाटते की त्यापायी गाडी घाटात नेऊच नये, त्यांनी आपली विद्या तरी कोठे वापरावी, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

मूळपणाच्या उपासकांचा एक आक्षेप मात्र मी शिरोधार्य मानला. ते म्हणतात, तुम्हांला जे योग्य वाटले ते तुमच्या पुढच्याला वाटेलच कशावरून? खरोखर, कशावरून? म्हणून जुने इंजिन विकले नाही. सिलिंडरांत तेल सोडून, तोंडे बंद करून, लाकडी चौकटीवर ते ओसरीत ठेवले आहे. जुने फौंडेशन, जुना गिअरदांडा, डायनामो आणि ती रंगवलेली चकती त्याच्याजवळच आहे. उद्याच्या वारसाला मूळ गाडी हवी असेल तर पत्रा जोडून, पुन्हा अर्ज करून, ती त्याला परत उभी करता येईल. आपल्या सुधारणेवर आपला कितीही विश्वास असो, ती फिरवण्याची मुभा पुढच्या पिढीला ठेवणे हा सुधारकाचा विनय नसून त्याचे कर्तव्य आहे. परंतु माझा तर्क असा की वारस जुने इंजिनही घालणार नाही आणि नवेही ठेवणार नाही. तो विजेची मोटर आणून बसवील, मागच्या लांब फळीखाली बॅटऱ्या रचील आणि पेट्रोलच्या टाकीकडे पाहून हसेल. तेव्हा माझ्या इंजिनाचे काय होईल ते होवो. ब्रेकचे काम मात्र त्याला आयतेच झालेले मिळेल.